वाळूचा मान

गिरणेनं त्या पावसाळ्यात कूस बदलली आणि तामसऱ्याचं नाक कापलं जायची वेळ आली.

पूर काही गावाला नवा नव्हता. पण अठ्ठ्याऐंशीच्या पुरानंतर नदी जी पाटलांच्या मळ्याखाली सरकली ती तिथंच राहिली, आणि तिथला वाळूचा भलामोठा पट्टा धुऊन घेऊन गेली. खाली उघडे पडले काळे गोटे. याच पट्ट्याला गाव 'रंग' म्हणायचं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी, दिवस कलला की, तिथं सोंगं नाचायची. आता गोट्यांवर नाचून कोणाला पाय मोडून घ्यायचेत?

बाहेरचा माणूस म्हणेल, एवढं काय त्यात, शाळेच्या पटांगणात नाचा. तसं बोलून बघावं तामसऱ्यात. सोंग नाचायचं ते नदीच्या पोटातच, दोन्ही काठांवर माणसं बसलेली, पायाखाली वाळू. पटांगणात कवायत होते, सोंग होत नाही.

आणि तामसऱ्याला दुसरं होतं तरी काय? ना तालुका, ना रेल्वे. बाजाराला चाळीसगाव गाठायचं, मोठ्या दवाखान्याला जळगाव. पण सोंगांचा विषय निघाला की त्या गावाची माणसं मान वर करून बोलायची. कारण हा पाच-दहा हौशी पोरांचा उद्योग नव्हता. प्रत्येक घराकडे काही ना काही होतं. कुंभारवाड्यात मुखवटे व्हायचे, नदीच्या मातीच्या साच्यावर रद्दीचे कागद आणि चिंचोक्याची खळ थापून. पितांबर शिंप्याकडे सगळे पोशाख, वर शूर्पणखाही त्याचीच. भिल्लाटीत ढोल. हीरालाल शेठ वर्षभर तेल-मीठ विकायचा, पण आखाजीला दुकानाच्या फळ्या लावून पेटीवर बसायचा. आणि ज्याला काहीच येत नाही तो मागं उभा राहून झील धरायचा. नुसतं बघायला येतात ते पाहुणे. तामसऱ्याचा माणूस नुसता बघत नाही. नवीन पोस्टमन आला तेव्हा त्याला लोकांनी पत्ते सांगितले ते 'नरसिंहाच्या शेजारी' आणि 'हिडिंबेच्या मागल्या दारी' असे, आणि महिनाभरात तोही तसंच बोलायला लागला.

भोयांकडे होता सडा. सोंग उतरायच्या आधी वाळूवर पाणी शिंपडायचं, धूळ दाबायची आणि बाजूला व्हायचं. वना भोयाच्या बापानं तेच केलं, आज्यानं तेच केलं. वना वीस वर्षं कावड वाहत होता.

आता नदीनं पाटलाकडची वाळू उचलली ती नेऊन टाकली कुठं? उजव्या काठाला, भोईवाड्याखाली. मऊ, सपाट, लांबरुंद वाळू. आणि त्या वाळूत वनाच्या बायकोची, भिकुबाईची, डांगरांची म्हणजे खरबुजांची वाडी उभी होती.

रामनवमी उलटली आणि भिकुबाई झिऱ्यातून पाणी काढत होती. झिरा म्हणजे वाळूत हातानं केलेला खड्डा. त्यात गुडघ्यावर बसून वाटीनं घागर भरायची आणि एकेका आळ्याला नेऊन घालायची. दिवाळी झाल्यापासून ती या वाळूत होती. चर खणले, लेंडीखत डोक्यावरून वाहिलं, बी ओल्या फडक्यात बांधून कमरेला खोचून झोपली, अंगाच्या उबेनं मोड यावेत म्हणून. रोपं वर आली तेव्हा वाऱ्यानं वाळू उडून कोंब भाजू नयेत म्हणून प्रत्येकाला गवताचा आडोसा केला. आता वेलांनी वाळू झाकली होती आणि पानांआड डांगरं धरली होती, कोणतं मुठीएवढं, कोणतं तांब्याएवढं.

पितांबर शिंपी काठावरून उतरत आला. तोंडभर हसत होता.

"भिकुबाई, पेढा नही ते निदान एक डांगर तरी काप. तुना घर गणपती उना."

"चैतमा कोना गणपती?"

"चावडीवर ठरनं. रंग आवंदा तुमनी रेतीमा. ज्यानी रेती त्यानं पहिलं सोंग, रीत शे ती. म्हंजे गणपती तुमना. वनानी शब्द दिधा. आबा पाटील काही बोलनात नही, पन त्यासनं तोंड दखासारखं व्हतं."

भिकुबाईनं वाटी वाळूत ठेवली. "आन वाडी?"

पितांबरनं वेलांकडं पाहिलं. हसू जरा आवरलं. "वाडी उपटनी पडी ना, बाई."

"उपटनी पडी," भिकुबाई म्हणाली. एवढंच. पितांबरला वाटलं होतं ती शिव्या घालील. तिनं वाटी उचलली आणि परत पाणी काढायला लागली, तेव्हा तो घाबरला आणि निघून गेला. भिकुबाईची जीभ गावाला माहीत होती. ती बोलली नाही म्हणजे काम अवघड होतं.

वना आला तो तिन्हीसांजेला, तोंडानं ढोलाचे बोल म्हणत. उंच, काटक, खांद्यावर कावडीचा घट्टा पडलेला माणूस. बायकोचा चेहरा बघून त्याचे बोल थांबले.

"कोनले इचारं?" भिकुबाईनं विचारलं.

"बठ्ठं गाव मनापुढे उभं व्हतं, भिकू. आबा पाटील बी. माले बठाले सतरंजी दिधी."

"मी इचारस, कोनले इचारं? रेती कोनी शे?"

वना उभ्याचा खाली बसला. भोयाच्या घरात जाळं पुरुषाचं आणि वाडी बाईची. बी सासू सुनेच्या ओटीत घालते. पुरुषानं पाणी वाहावं, राखण करावी, पण पहिलं फळ तोडायला हात लावू नये. वनाला हे ठाऊक होतं, चावडीवर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आणि सोंगांच्या नादात सगळ्यांनी मिळून भलत्याच माणसाचा होकार घेतला होता.

"इसरी गऊ," वना म्हणाला.

"तुम्ही इसरनात, गाव इसरनं. आखाजीले घागर भरशात तवय घागरवर डांगर कोठेन आनशात? पितरेसले काय दगड दाखाडशात?"

आखाजीला खानदेशात घरोघर पितरांची घागर भरतात आणि तिच्यावर डांगर ठेवतात, आणि तामसऱ्यात ते डांगर भिकुबाईच्या वाडीतून जायचं. वना बराच वेळ वाळूत बोट फिरवत राहिला.

"मना बापनी सडा घाला," तो हळू म्हणाला. "मी बी घाली राहिनू. रंग बनाडस, आन मंग कडले उभा राहस. एक डाव, भिकू. एक डाव माले आत जावानं शे."

तिनं चूल पेटवली. भाकरी थापली, वाढली. तिला त्याचा राग आला होता आणि त्याची कीवही आली होती, आणि कीव आली याचाच जास्त राग आला.

सकाळी तिनं पितांबरकडं निरोप दिला: चावडीला काही विचारायचं असेल तर चावडीनं वाडीत यावं. आणि चावडी आली. काय करणार? पंधरा-वीस माणसं चपला हातात घेऊन तापत्या वाळूतून आली आणि बांधाशी उभी राहिली, कारण भिकुबाईनं आत या म्हटलं नाही. पुढं अभिमन पाटील. साठी उलटलेला, शेलाटा माणूस. गाव त्याला आबा म्हणायचं. तीस वर्षं तामसऱ्याचा गणपती त्यानं नाचवला होता. धुळ्याहून माणसं यायची ती त्याचं पाऊल बघायला.

"बोल, भिकुबाई," आबा म्हणाला.

"रेती मनी, आन इचारं तुम्ही कोनले?"

आबानं एकदा वनाकडं पाहिलं, एकदा वाळूकडं. "चुकनं," तो म्हणाला. "गावनं चुकनं. आते तुले इचारस. देशी का रेती?"

"देसू. पन येल एक तुटाले नको."

मागून कोणी तरी हसलं. "मंग काय हवामा नाचशात?"

"येल फिरावता येतस," भिकुबाई त्या दिशेला न बघता म्हणाली. "मधला बठ्ठा येल उचलना, कडले वळावना, पाचटवर ठेवना. मी नि हाऊ, दोन जननं काम नही. बठ्ठं गाव लागी. सोंगं गावनी शेतस ना?"

हीरालाल शेठनं डोक्यावरची टोपी काढून परत घातली.

"आन पहिलं सोंग?" आबानं विचारलं.

"रीत शे ती पाळा. मना घरनं."

आबाचा चेहरा कडक झाला. "भिकुबाई, तो मुखडा म्हंजे टोपली नही डोकावर. वना कधी नाच्या का? पहिलं पाऊल वाकडं पडनं ते लोके वनाले हसाव नहीत, तामसरंले हसतीन. दुसरं काही बी माग. मी नही म्हनाव नही."

"माले दुसरं काही नको, आबा."

आबा वळला आणि काठ चढून गेला. त्याच्या मागं बाकीचे गेले. वाळूत नुसते पाय उमटले होते.

मग गावाचं सगळंच अडलं. कुंभारानं मुखवट्यांना रंग द्यायचं थांबवलं. हीरालालच्या दुकानावर माणसं जमायची आणि कोणी तेल मागायचं नाही, नुसती बोलायची. कोणी म्हणे बाई अडून बसली, कोणी म्हणे बरोबर बोलली. भिकुबाई मीठ घ्यायला गेली तशी सगळी बाजूला झाली. हीरालालनं मीठ बांधता बांधता म्हटलं, "बाई, पेटी मी कुणाच्याही पायासाठी वाजवीन. पाटलाचे असोत की भोयाचे. पण पाय पाहिजेत."

ती मीठ घेऊन घरी आली. तो बोल मात्र तिच्या मनात सलत राहिला, कारण आदल्या दिवशी तिनं झाऊच्या झुडपांआड वनाला पाहिलं होतं. दुरडी उपडी करून त्यानं डोक्यावर बांधली होती आणि तोंडानं ढोल वाजवत तो पावलं टाकत होता. पाठ ताठ, गुडघे ताठ, पावलं बारीक आणि भराभर. घामानं निथळत होता बिचारा, जीव ओतत होता. पण ते नाचणं नव्हतं. पिढ्यान्पिढ्या पालख्या वाहिलेल्या माणसाची चाल होती ती, वरचं ओझं हलू न देण्याची. आणि गणपती तर हलायला पाहिजे.

आबा खोटं बोलला नव्हता. हे तिला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेचं पाणी झालं तशी तिनं हातपाय धुतले, लुगडं नीट केलं आणि पाटलाच्या ओट्यासमोर जाऊन उभी राहिली. आबा दातण करत होता. त्याची बायको, ताईबाई, आतून बघत होती.

"तुम्ही म्हनं ते खरं शे," भिकुबाई म्हणाली. "त्याले नाचता येस नही. मी दखं."

"मंग?"

"शिकाडा."

आबा हसला, पण ते हसू बरं नव्हतं. "मनं सोंग लेशी, आन वर मीच शिकाडू?"

"तुमना आंडोरे एक भुसावळले रेल्वेमा, एक जळगावले. त्या उनात का कधी सोंगले? तुमनं पाऊल तुम्ही कोनले देनार शेतस, आबा? संगे लई जाशात का?"

ताईबाई आत सरकली. आबानं चूळ भरली. "तुले काय समजस वं नाचमधलं? तू ते दरसाल डांगरं इकत बठस."

"गये सालथीन तुमना डावा पाय उशिरा पडस," भिकुबाई म्हणाली. "दुसरी गिरकी तुम्ही अर्धी सोडी देतस, आन हीरालाल शेठ पेटीवर ते झाकी लेस. लोकेसले समजत नही. गुडघा दुखस तुमना."

आबा तिच्याकडं बघत राहिला. घरात ताईबाईच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं. आणि मग आबा खरोखरचा हसला, अगदी खोकला येईपर्यंत. हीच बाई दरवर्षी म्हणायची, माले काय करनं तुमना सोंगसनं.

"झिलकरी बी ध्यानमा लेत नहीत हाई," तो म्हणाला. "जाय. सकाय येस मी."

तो आला. उजाडता उजाडता काठी टेकत वाडीत उतरला, धोतर वर खोचलं आणि वनासमोर उभा राहिला. "चाल," म्हणाला. वना चालला. आबानं काठीनं त्याच्या गुडघ्यावर टोला दिला. "हाई काय शे? पालखी उतार आधी. खांदावरनं उतार. आते चाल."

रोज सकाळी हेच. वना पाऊल टाकायचा आणि आबा काठी हाणायचा. "पोट पुढे. गणपती जेयेल शे, उपाशी भोई नही." "मान हलाव. सोंड कोठे शे तुनी?" बिचारा वना, चाळिशीचा बाप्या, पोरासारखा मार खात होता. काठावर बघायला माणसं जमायची. भिकुबाई झिऱ्यातून पाणी काढताना ऐकत असायची आणि तिचं रक्त उकळायचं. एकदा तर घागर तिथंच ठेवून ती उठली, म्हणावं बस्स झालं, नको आम्हाला तुमचा गणपती. पण त्याच वेळी वनाचा गुडघा वाकला. पुढचं पाऊल वाळूत रुतलं, अंग एका बाजूला झुकलं आणि मान सावकाश फिरली. आबाची काठी वरच राहिली. भिकुबाई खाली बसली आणि घागर भरायला लागली.

गावाचं कामही सुरू झालं. आबा वाडीत जातो म्हटल्यावर बाकीच्यांना निमित्त उरलं नाही. पहिल्या दिवशी सगळे सकाळीच आले, गारव्याला. भिकुबाईनं परत पाठवले.

"सकायना येल पानी पिईसन ताठ ऱ्हास. हात लावा का मोडस. उन्हमा मऊ पडस, तवय वळस. दुपारले या."

आणि चैत्राच्या दुपारी, वाळूत लाह्या फुटाव्यात अशा उन्हात, तामसरं गाव गिरणेच्या पात्रात उकिडवं बसलं. पायाला पोतेरी बांधलेली, डोक्याला ओली फडकी. भिकुबाई रांगेतून फिरत होती. एका हातानं वेल, दुसरा हात फळाखाली. एका माणसानं उचलायचा नाही, दोघांनी उचलायचा. उचलला की दम धरायचा, मग वळवायचा. पाचटावर ठेवला की फळाचं तोंड आधी होतं तसंच आभाळाकडं करायचं. पितांबरनं घाई केली आणि एका वेलाची शेंडी तुटली. तिनं त्याला सगळ्यांदेखत असं झोडपलं की तो शूर्पणखेचं नाक कापल्यावर करतो तसं तोंड करून बसला, आणि रांगा हसून लोळल्या.

"कापड कापस तवय बी असंच करस का रे?" ती म्हणाली. "म्हनीसन तुना झंपर कोनले बसत नहीत."

हीरालाल शेठच्या पांढऱ्या तळव्यांना फोड आले, तरी तो उठला नाही. कुंभाराचे हात सगळ्यात हलके, त्याला तिनं मोठी फळं दिली. भिल्लाटीतल्या ढोलवाल्यांनी पाचट वाहिलं. चौथ्या दिवशी काम उरकलं तेव्हा वाडी दोन्ही अंगाला सरकली होती आणि मधोमध वाळू उघडी पडली होती, गोल, स्वच्छ, चारी बाजूंनी हिरवी. भिकुबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. वेल रात्रीतून मान टाकतात की काय या काळजीनं तिला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी पानं थोडी सुकली. तिसऱ्या दिवशी ती वर आली, आणि भिकुबाई पाटलाच्या मळ्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात शेजारणीशी भांडली, तेव्हा गावाला कळलं की वाडी जगली.

आखाजीला घराघरात घागरी भरल्या आणि प्रत्येक घागरीवर भिकुबाईचं डांगर होतं. लेकी माहेरी आल्या होत्या, झाडांना झोके होते, गाणी होती. दुसऱ्या दिवशी दुपारपासूनच दोन्ही काठ भरायला लागले. चाळीसगावच्या एस.टी. टपावर माणसं घेऊन आल्या, बैलगाड्या आल्या. पाटलाच्या वाळूतून रंग भोयाच्या वाळूत आला ही बातमी लांब गेली होती, आणि काही जण तर फजिती बघायलाच आले होते. असतात अशी माणसं.

वनाला पितांबरनं पितांबर नेसवलं, म्हणजे शिंप्यानं पिवळं सोवळं नेसवलं. झाऊच्या आड आबानं मुखवटा हातात धरला होता. मोठ्ठा, शेंदरी, सोंडेवर सोनेरी वेलबुट्टी. रीतीप्रमाणं आधीच्यानं पुढच्याला तो आपल्या हातानं बांधायचा. आबानं तो वर केला आणि तसाच धरून राहिला. पितांबर दुसरीकडं बघायला लागला. भिकुबाईही. तीस वर्षांचं सोंग कोणाच्या डोक्यावरून असं उतरत नाही. मग आबानं पटका दोनदा गुंडाळून गाठ मारली, वनाच्या पाठीवर थाप दिली आणि म्हणाला, "श्वास पोटमा ले. घाई करू नको."

ढोलावर पहिली थाप पडली. पेटीचा भाता हलला. झिलकऱ्यांनी सूर धरला. आणि वारा उठला.

दिवसभर तापलेली कोरडी वाळू उडाली आणि काठावरच्या माणसांनी डोळ्यांवर पदर घेतले. पेटीवाला खोकला. ढोल अडखळला आणि थांबला.

सडा. सडा घातलाच नव्हता.

एवढं मोठं गाव. मुखवटे, पोशाख, वेल, पाचट, एकेका गोष्टीचा विचार झाला होता. पण सडा वना घालायचा, दरवर्षी न सांगता घालायचा, म्हणून तो कोणाच्या डोक्यातच आला नाही. आणि वना मुखवट्यात बांधलेला उभा होता. कावड झिऱ्याजवळ पडली होती. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मग हळूहळू सगळ्या नजरा भिकुबाईकडं वळल्या. दुष्टपणानं नव्हे. सडा भोयांचा, एवढंच त्यांना माहीत होतं.

भिकुबाईला त्या नजरा समजल्या. आज वाळू तिची होती. रीतीप्रमाणं तिनं सोंगाला 'खेया', म्हणजे खेळा, म्हणायचं होतं आणि मगच सोंगानं पाऊल टाकायचं होतं. तिथं ती पाणी शिंपडत फिरली असती तर दोन्ही काठांना काय दिसलं असतं? भोयांचं घर सडा घालतंय, जसं कायम घालत आलं. पण धूळ उडत होती, आणि मुखवट्याच्या आत वना गुदमरत होता. मरो तो मान, असं मनात म्हणून ती घागरीकडं वाकली.

"ठेव ती," मागून आवाज आला.

आबा पाटलानं डोक्याचा फेटा उतरवून पितांबरच्या हातात दिला. पायातले जोडे काढले. झिऱ्याशी गेला, कावडीच्या दोन्ही घागरी भरून घेतल्या आणि दांडी खांद्यावर घेतली. दांडी उचलताना त्याचा दुखरा गुडघा थरथरला. पुढच्या घागरीतलं पाणी हिंदकळून त्याच्या धोतरावर सांडलं.

"आबा, डोलत नका चालू," भिकुबाई म्हणाली. "बारीक पाऊल टाका. दांडी हलाले नको."

"शिकाड, बाई, शिकाड," आबा म्हणाला आणि बारीक पावलं टाकत वाळूत उतरला. तामसऱ्याचा पाटील, ज्याचं पाऊल बघायला धुळ्याहून माणसं यायची, तो कावड घेऊन भोयाच्या वाळूत सडा घालत फिरला. वाकून, ओंजळीनं, कडेच्या वेलांवर थेंब टाकत. दोनदा परत येऊन त्यानं घागरी भरल्या. धूळ बसली. ओल्या वाळूचा वास काठापर्यंत गेला.

मग तो भिकुबाईशेजारी येऊन उभा राहिला, गुडघ्यापर्यंत भिजलेला, धापा टाकत. समोर गणपती हात जोडून उभा होता आणि दोन्ही काठ तिच्याकडं बघत होते.

आयुष्यात कधी शब्दाला न अडलेली बाई ती. तिनं तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. डोळे भरले होते, ते तिनं पुसले नाहीत. बघू देत ज्याला बघायचंय त्याला.

"खेया," ती म्हणाली. हळूच.

"लोकेसले ऐकू येस नही," आबा शेजारून पुटपुटला.

तिनं पदर खांद्यावर घट्ट केला, काठाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं आणि गिरणेच्या पात्रात घुमेल असं ओरडली, "खेया रे." ढोल सुटला. वनानं उजवा पाय उचलला, गुडघ्यात वाकवला आणि सावकाश, पोटभर जेवलेल्या देवासारखा, तिच्या वाळूत उतरला.